बाईट, बगल आणि 'आमचं ठरलंय'

या महिन्याच्या टपालात इंग्रजीवरची पत्रं जास्त निघाली, आणि ती सगळी फिरून फिरून पुढाऱ्यांच्या मुलाखतींपाशी आली. मी इंग्रजीचा प्राध्यापक नव्हे. कोल्हापुरातल्या एका दैनिकात रात्रपाळीला बसून ३१ वर्षं इंग्रजी बातम्यांचं मराठी केलं, त्यात जे हाताला लागलं तेवढंच माझ्याकडे आहे. नव्या वाचकांसाठी एवढं सांगतो आणि पत्रांकडे वळतो.

प्रश्न : सर, मी मूळची गारगोटीची, सध्या कोल्हापुरात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. इंग्रजी सुधारावं म्हणून चार महिने रोज तासभर यूट्यूबवर इंग्रजी मुलाखती बघते, बहुतेक राजकारण्यांच्या आणि त्यांच्या प्रवक्त्यांच्या. अडलेला शब्द वहीत लिहिते, समोर मराठी अर्थ. सहाशेच्या वर शब्द झाले. अडचणी दोन आहेत. मागच्या आठवड्यातला शब्द कुणी विचारला तर आठवत नाही. आणि दुसरी जास्त त्रासाची. कधी कधी सगळेच्या सगळे शब्द कळतात, तरी माणूस नेमकं काय म्हणाला ते कळत नाही. माझं कुठं चुकतंय?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : दुसरीपासून सुरुवात करतो, कारण ती अडचण नव्हेच. तुम्हाला काही कळलं नाही, कारण समोरच्यानं काही सांगितलंच नव्हतं. चार महिन्यांत कान एवढा तयार झाला, हे काही थोडं नाही. मला त्याला सहा-सात वर्षं लागली होती.

पुढारी मुलाखतीला येतो तो घरून चार वाक्यं ठरवून येतो. त्यांना टॉकिंग पॉइंट्स म्हणतात. विचारा काहीही, उत्तराच्या शेवटी त्यातलं एखादं वाक्य यायलाच पाहिजे. ती वाक्यं न सोडणारा ऑन मेसेज, आणि ज्याच्या तोंडून भलतंच निसटलं तो ऑफ मेसेज. तेव्हा अशा मुलाखतीतला शब्द नुसता उचलला की तो मेला. तो कुठल्या प्रश्नावर आला, हे सोबत असेल तर जगतो. तुमच्या वहीत सहाशे शब्द आहेत, पण प्रश्न एकही नाही. माझ्या मते चूक ती एवढीच. शब्दाआधी प्रश्न लिहा.

एक मुलाखत सांगतो, यूट्यूबवर आहे. १३ मे १९९७, बीबीसीचा 'न्यूजनाइट' कार्यक्रम. विचारणारे जेरेमी पॅक्समन, समोर मायकेल हॉवर्ड. हॉवर्ड त्याआधी ब्रिटनचे गृहमंत्री होते, त्यांचा पक्ष नुकताच निवडणूक हरला होता आणि पक्षाचं नेतेपद मिळवायला ते उभे होते. मंत्री असताना तुरुंग खात्याच्या प्रमुखाशी त्यांचं वाजलं होतं. पॅक्समनचा प्रश्न सरळ होता : डिड यू थ्रेटन टू ओव्हररूल हिम? 'तुमचा निर्णय मी फिरवीन' अशी तुम्ही त्यांना धमकी दिलीत का? हॉवर्ड सांगत राहिले की, त्यांना हुकूम देण्याचा मला अधिकार नव्हता आणि तसा हुकूम मी दिला नाही. प्रश्न धमकीचा, उत्तर हुकुमाचं. पॅक्समननी तोच प्रश्न पुन्हा विचारला. पुन्हा. एकूण बारा वेळा.

शिकणाऱ्याला याहून बरा फळा कुठं मिळणार? एकच वाक्य बारा वेळा, दर वेळी सूर थोडा वेगळा. 'थ्रेटन'पुढे 'टू' येऊन क्रियापद लागतं हे व्याकरणाच्या पुस्तकात एकदा वाचून विसरलं जातं, इथं ते कानात खिळा ठोकल्यासारखं बसतं. 'ओव्हररूल' तर आपल्याला हिंदी सिनेमातल्या कोर्टानं आधीच शिकवलाय, ऑब्जेक्शन ओव्हररूल्ड. आता मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचच कोल्हापुरात आलंय, तेव्हा तो शब्द भाऊसिंगजी रोडवरच्या चहाच्या टपरीवरही ऐकू येईल. आणि हॉवर्डकडून दोन शब्द मिळतात. 'इन्स्ट्रक्ट' म्हणजे हुकूम देणे आणि 'एन्टायटल्ड' म्हणजे अधिकार असलेला. हे चार शब्द वेगवेगळे लिहिलेत तर आठवड्यात जातील. पण 'धमकी दिलीत का' या प्रश्नाला 'हुकूम दिला नाही' हे उत्तर आलं, असं एकत्र लिहिलंत तर दहा वर्षांनी कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल.

(एक गंमत. एवढ्या वेळा का विचारलंत, यावर पॅक्समननी पुढे सांगितलं, की कार्यक्रमातला पुढचा भाग तयार नव्हता, वेळ काढायचा होता. रात्रपाळी केलेल्या माणसाला हे ऐकून फार बरं वाटतं. पहिल्या पानावर चार इंच जागा उरली म्हणून आम्हीही बातम्या ताणल्यात.)

तर वही अशी करा. फुलस्केप वही घ्या, डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तराची दोनच वाक्यं, जशी ऐकू आली तशी. त्यात अडलेला शब्द अधोरेखित. त्याखाली मराठीत एका ओळीत, या माणसानं इथं काय केलं : उत्तर दिलं, बगल दिली, माफी मागितल्यासारखं केलं, दुसऱ्यावर ढकललं. शब्दाचा कोशातला अर्थ सगळ्यात शेवटी. रोज तासभर नवीन ऐकू नका. सात-आठ मिनिटांचा एकच तुकडा आठवडाभर ऐका. पहिल्या दिवशी खालची अक्षरं (सबटायटल्स) बंद ठेवा, वेग पाऊणपट केला तरी चालेल. यंत्रानं उमटवलेल्या अक्षरांवर विसंबू नका, विशेष नावांची त्यात पार चटणी होते.

आता तुम्हाला वारंवार भेटतील अशा काही शब्दांबद्दल. 'बाईट' शिकायला परदेशी चॅनेल नको. शासकीय विश्रामगृहाच्या पायरीशी जाऊन उभ्या राहा, 'साहेब, एक बाईट द्या की' हे पाच मिनिटांत ऐकू येतं. मूळ शब्द साउंड बाइट. भाषणातून तोडून काढलेला छोटासा बोलका तुकडा. मी पहिल्यांदा हा शब्द बातमीत पाहिला तेव्हा 'आवाजाचा चावा' असं भाषांतर करून मोकळा झालो होतो. आमच्या मुख्य उपसंपादकांनी त्याखाली लाल रेघ ओढून शेजारी लिहिलं, 'कुणाला चावला?' तो कागद मी बरीच वर्षं जपून ठेवला होता.

पण हा घास केवढा असतो ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या टीव्ही बातम्यांत उमेदवाराचा स्वतःचा आवाज सलग किती ऐकू येतो, हे डॅनियल हॅलिन या अभ्यासकानं मोजलं. १९६८ साली सरासरी ४३ सेकंद. १९८८ साली ९ सेकंद. तुम्ही 'सारे जहाँ से अच्छा'ची पहिली ओळ म्हणून बघा, नऊ सेकंद तिथंच जातील. तेव्हा पुढारी अर्धा तास बोलत असला, तरी त्याचा जीव त्यातल्या नऊ सेकंदांत असतो. ते वाक्य तो घोळवून आणतो, दोन-तीनदा म्हणतो, म्हणताना जरा थांबतो. नेमकं तेच वाक्य तुम्ही वहीत उतरवायचं. त्यातलं इंग्रजी घासूनपुसून लख्ख केलेलं असतं.

दुसरा शब्द 'स्पिन'. याला आपले लोक 'फिरकी' म्हणतात आणि तिथंच फसतात. चेंडूच्या फिरकीवरूनच तो आलाय हे खरं. पण मराठीत फिरकी घेतली म्हणजे थट्टा केली. इंग्रजीतल्या स्पिनमध्ये थट्टा नाही. घडलेल्या गोष्टीला आपल्या सोयीचं वळण द्यायचं, हार झाली तर 'मतं वाढली' म्हणायचं. १९८४ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार रेगन आणि माँडेल यांच्या वादफेरीनंतर दोन्हीकडची माणसं पत्रकारांच्या घोळक्यात शिरून 'आमचाच कसा जिंकला' ते समजावत होती, तेव्हापासून त्यांना 'स्पिन डॉक्टर' हे नाव रुळलं. आपल्याकडे याला फार जुना आणि नेमका शब्द आहे, मखलाशी. 'अशी मखलाशीही त्यांनी केली' हे वाक्य मी निदान पाचशे वेळा लिहिलं असेल.

तसंच 'वॉक बॅक'. काल एक बोललो, आज गदारोळ झाला, म्हणून आपल्याच शब्दांवरून हळूच मागे सरकायचं. मराठी वृत्तपत्रांत याला घूमजाव म्हणतात, पण घूमजावात माणूस कवायतीतल्या शिपायासारखा टाचेवर गर्रकन फिरतो. वॉक बॅक तसं नव्हे. त्याला माझ्या मते सारवासारव जवळची. लहानपणी आमच्या घरी शेणानं जमीन सारवायचे. आई कोपऱ्यातून सुरुवात करायची आणि उकिडव्यानं मागे मागे सरकत दाराशी यायची, म्हणजे स्वतःच्याच पावलांचे ठसे राहायचे नाहीत. वॉक बॅक अगदी असंच असतं. तुमच्या मुलाखतीत 'क्लॅरिफाय' हा शब्द आला की डोळ्यांपुढे शेणाचा पोतेरा आणा. आणि याच्या उलट 'डबल डाउन'. पत्त्यांच्या जुगारातला शब्द आहे, पान बघून डाव दुप्पट करायचा. टीका झाली तरी माणूस हटला नाही, उलट चढ्या आवाजात तेच पुन्हा बोलला, की तो डबल डाउन.

'पिव्हट' राहिला. बगल देणं म्हणजे नुसतं चुकवणं, त्याला 'डॉज' आहे. पिव्हटमध्ये पाय तिथंच रोवलेला असतो आणि तोंड मात्र दुसरीकडे वळलेलं. 'खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी' म्हणतात तसं. याच्या खुणा ठरलेल्या आहेत. लेट मी बी क्लिअर. लुक. विथ रिस्पेक्ट. द रिअल क्वेश्चन इज. यातलं काही ऐकू आलं की समजा, गाडी आता वळणार.

शब्द सगळे कळतात आणि अर्थ कळत नाही, याचा आणखी एक नमुना देतो. अमेरिकेत १९८८ साली थोरल्या बुश यांनी 'रीड माय लिप्स, नो न्यू टॅक्सेस' असं ठणकावून सांगितलं. लहान लहान शब्द, पोरालाही कळतील असे. १९९० साली कर वाढवायची पाळी आली, तेव्हा त्यांच्या निवेदनात शब्द आले 'टॅक्स रेव्हेन्यू इन्क्रीजेस'. कर वाढवणारा कुणी उरलाच नाही, करातून येणारा महसूल आपला आपण वाढला. त्याआधी १९८७ साली इराणला शस्त्रं पोचवण्याच्या प्रकरणात रेगन म्हणाले होते, गंभीर चुका 'वेअर मेड'. चुका झाल्या. कुणी केल्या? इंग्रजीत यासाठी बऱ्याचदा क्रियापद कर्मणी करावं लागतं, म्हणून ते लगेच नजरेत भरतं. आपल्या मराठीला तेवढेही कष्ट नाहीत. पेला फुटला, दूध नासलं, फाइल गहाळ झाली. आणि तरी आपण 'माझ्या हातून पेला फुटला' असंही म्हणू शकतो. जाणूनबुजून नाही, पण हात माझाच. इंग्रजीत एवढ्या अदबीनं गुन्हा कबूल करायची सोय मला तरी सापडली नाही.

आता पाठांतराचं. सोबतच्या मैत्रिणीला घ्या आणि मेसवरून परतताना हा खेळ खेळा. एकीनं साधा प्रश्न विचारायचा : माझा टॉवेल तू वापरलास का? दुसरीनं 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं नाही. 'लेट मी बी क्लिअर, आय हॅव ऑलवेज बीन कमिटेड टू क्लीन टॉवेल्स.' पुन्हा तोच प्रश्न. 'लुक, द रिअल क्वेश्चन इज, हू लेफ्ट द बाथरूम लाइट ऑन?' पहिलीनं बारा वेळा विचारेपर्यंत सोडायचं नाही. माझ्या दोन भाच्यांना मी हे दिवाळीत शिकवलं. चिवड्याचा डबा कुणी संपवला ते अजून उघड झालेलं नाही, पण धाकटीचं इंग्रजी मोकळं झालं.

एक सावधगिरी. हे शब्द ओळखायला शिका, परीक्षेच्या निबंधात ओतू नका. 'रोबस्ट', 'गोइंग फॉरवर्ड', 'स्टेकहोल्डर्स' यांनी भरलेला निबंध तपासणाऱ्याला मुलाखतीतल्या पुढाऱ्यासारखाच वाटतो. काही कळलं नाही, असं.

प्रश्न : काका, माझे इचलकरंजीत माग आहेत. दिवसभर खडखडाटात असतो, रात्री टीव्हीवर इंग्रजी चर्चा लावतो, तर तिथंही खडखडाटच. आठ चौकोन, आठ माणसं, सगळी एकदम बोलतात. आणि दुसरं, अमेरिकन ऐकावं की ब्रिटिश?
– एक यंत्रमागधारक, इचलकरंजी

उत्तर : चर्चा बंद करा. मागाच्या आवाजाला निदान ताल असतो. विचारणारा एक, सांगणारा एक, अशी मुलाखत निवडा. बीबीसीचा 'हार्डटॉक' १९९७ ते २०२५ असा चालला, त्याचे जुने भाग भरपूर मिळतात. समोरासमोर दोन खुर्च्या आणि मध्ये टेबल, बाकी काही नाही. सुरुवातीला जड वाटलं तर बीबीसीचाच 'सिक्स मिनिट इंग्लिश' ऐका, सहा मिनिटांत संपतो.

अमेरिकन की ब्रिटिश, यात मी स्वतः हात पोळून घेतलाय. अमेरिकेच्या सीनेटची बातमी रात्री उशिरा आली, एक दुरुस्ती 'टेबल्ड' झाली म्हणून. आपला कान ब्रिटिश वळणाचा, आपल्या संसदेतही कागद पटलावर 'ठेवतात', म्हणजे मांडतात. मी मथळा दिला, 'सीनेटमध्ये दुरुस्ती मांडली'. सकाळी राजारामपुरीतून एका निवृत्त प्राध्यापकांचा फोन. म्हणाले, 'अहो, अमेरिकेत टेबल केली म्हणजे बाजूला सारली. तुम्ही मेलेलं माणूस बोहल्यावर चढवलंत!' ब्रिटनमध्ये ज्याचा अर्थ चर्चेला घेणं, अमेरिकेत त्याचाच अर्थ चर्चेतून काढणं. त्या दिवशी मी दुपारीही झोपलो नाही.

रंगांचंही तसंच. ब्रिटनमध्ये लाल म्हणजे मजूर पक्ष, डावीकडचा. अमेरिकेत २००० सालच्या निवडणुकीपासून लाल म्हणजे रिपब्लिकन, उजवीकडचे. तेव्हा दोन्ही ऐका, पण आज कुठलं ऐकतोय ते आधी विचारा. तुमच्याकडं कापड धरायच्या आधी सूत कितीचं ते बघता तसं.

प्रश्न : 'नरेटिव्ह'ला मराठी शब्द काय?
– एक वाचक, कागल

उत्तर : कथानक. पण २०२४ च्या लोकसभेनंतर 'फेक नरेटिव्ह' गावागावांत इतकं पोचलं, की आता पारावरच्या म्हाताऱ्यालाही मराठी शब्द सांगितला तर तो 'म्हंजे नरेटिव्हच की' म्हणेल. राहू दे.

प्रश्न : महोदय, मागच्या अंकात आपण मुलांना राजकीय मुलाखती ऐकण्याचा सल्ला दिलात. तो मला पटला नाही. भाषा शिकायची ती सुंदर लिहिणाऱ्यांकडून. पुढाऱ्यांच्या तोंडचं इंग्रजी ऐकवून पोरांच्या जिभा वाकड्या का करता? वाकडं मराठी ऐकायला मिळतंय ते पुरे नाही का?
– एक निवृत्त शिक्षक, शिवाजी पेठ

उत्तर : गुरुजी, निम्मं मान्य. जीभ वाकडी होते, म्हणून तर वर त्या मुलीला निबंधाबद्दल बजावलं. पण कान सरळ ठेवायचा तर वाकडं ऐकावंच लागतं. एकाच कराला एक जण 'इस्टेट टॅक्स' म्हणतो, दुसरा 'डेथ टॅक्स'. मोठी मालमत्ता वारसांकडे जाताना अमेरिकेत लागणारा हा कर. तिकडचे फ्रँक लुंट्झ नावाचे सल्लागार रिपब्लिकन मंडळींना सांगत, की 'डेथ टॅक्स' म्हणा. इस्टेट थोड्यांकडे असते, मरण सगळ्यांना असतं. आपल्याकडे एसटीची भाडेवाढ झाली की कागदोपत्री ती 'भाडेसुधारणा' असते. सुधारून भाडं कधी कमी झालेलं मी पाहिलं नाही, तुम्ही पाहिलंत का? हे ज्याला ऐकू येतं, त्याच्या पुढं सुंदर लिहिणारेही नीट उलगडतात, असा माझा अनुभव.

आणि राजकारणाच्या शब्दांत सौंदर्य नाही असं कसं म्हणता? 'कँडिडेट' घ्या. रोममध्ये पदाला उभा राहणारा माणूस खडू चोळून पांढराशुभ्र केलेला अंगरखा घालून फिरायचा. लॅटिनमध्ये 'कँडिडस' म्हणजे शुभ्र, त्यावरून उमेदवार तो कँडिडेट. दोन हजार वर्षांनी बिंदू चौकातल्या सभेच्या व्यासपीठाकडे बघा, तोच पांढरा रंग. खडूऐवजी स्टार्च, एवढाच फरक. 'अँबिशन' मुळात मतं मागत दारोदार फिरणं. म्हणजे महत्त्वाकांक्षेच्या पोटात प्रचारफेरी आहे. 'स्लोगन' स्कॉटलंडच्या डोंगरातल्या गेलिक भाषेतला, सैन्य आणि आरोळी या दोन शब्दांचा जोड. म्हणजे 'हर हर महादेव' ही अस्सल स्लोगन, बाकीच्या नुसत्या जाहिराती. आणि 'पोल' म्हणजे डोकं. मतं मोजायची म्हणजे डोकी मोजायची. आपण जनगणनेला शिरगणती म्हणायचो, तीच गंमत. करवीर नगर वाचन मंदिरात बसून जाडजूड इंग्रजी कोशातून मी हे एकेक शोधलंय, आणि दर वेळी पेन्शनीत दहा रुपये वाढल्याएवढा आनंद झालाय. तुम्ही शिक्षक आहात, वर्गात हे सांगून बघितलं असतंत तर शेवटच्या बाकावरचाही मान वर करून ऐकला असता.

सुंदर लिहिणाऱ्यांबद्दल आपलं भांडण नाहीच. मुलाखत सकाळी आणि पुस्तक रात्री, एवढी तडजोड चालेल ना?

प्रश्न : सर, आमच्या पेठेचा फुटबॉल संघ आहे. शाहू स्टेडियमवर मॅचला पोरांना टी-शर्ट करायचे आहेत. पुढं 'आमचं ठरलंय' इंग्रजीत छापायचं चाललंय. तीन जणांनी तीन भाषांतरं केली, त्यावरून तालमीत भांडणं. तुम्ही निकाल द्या.
– एक कार्यकर्ता, मंगळवार पेठ

उत्तर : विषय हार्ड आहे, मित्रा. २०१९ च्या लोकसभेला या दोन शब्दांच्या प्रचारघोषणेनं अख्खा जिल्हा हलवला होता. गाड्यांच्या काचांवर, स्टेटसला, लग्नपत्रिकेच्या पाठीमागंसुद्धा. तेव्हापासून मी याचं इंग्रजी करून बघतोय.

'वी हॅव डिसायडेड' हे पहिलं सुचतं, आणि तेच सगळ्यात पडेल. सोसायटीच्या वार्षिक सभेचा ठराव वाटतो. त्यात 'आम्ही' बसून, विचार करून, ठरवलं आहे. मराठीत आम्ही काही केलेलंच नाही. ठरवणं वेगळं, ठरणं वेगळं. पाऊस पडतो, आंबा पिकतो, तसं आमचं ठरलंय. 'इट्स सेटल्ड' यात ते आपोआप होणं आलं, पण 'आमचं' गेलं, म्हणजे जीवच गेला. 'अवर माइंड्स आर मेड अप' अर्थाला सगळ्यात जवळ, पण छातीवर मावायचं नाही. आणि वाचून संपेपर्यंत समोरच्यानं गोल केलेला असेल.

खरी करामत या दोन शब्दांत काय नाही त्यात आहे. काय ठरलंय ते नाही, कुणी ठरवलं ते नाही, कुणाच्या विरुद्ध ते नाही. ज्याला त्याला आपापलं भरून घ्यायला जागा सोडलीय. आणि तरी ऐकणाऱ्याला वाटतं, याला सगळं माहीत आहे, आपणच मागं राहिलो. ब्रिटनमध्ये २०१६ साली युरोपीय संघातून बाहेर पडायच्या बाजूनं एक घोषणा होती, 'टेक बॅक कंट्रोल'. ती याच जातीची. कंट्रोल कशाचा, कुणाकडून, काही नाही. पण 'बॅक' हा एक शब्द असा बसवलाय, की ते आपलं होतं आणि कुणीतरी नेलं, हे न सांगता पटतं. 'टेक कंट्रोल' म्हणून बघ, नुसता ड्रायव्हिंग स्कूलचा बोर्ड होतो.

तेव्हा निकाल असा. तिघांचीही भाषांतरं रद्द, ओव्हररूल्ड. पुढं देवनागरीत 'आमचं ठरलंय' तसंच राहू दे. इंग्रजी पाहिजेच असेल तर पाठीवर 'विषय हार्ड' छापा, त्यातलं निम्मं इंग्रजी आहेच. आणि मला एक एक्सएल ठेव.